वाघोलीतली अमेरिका

२ मे २००४, रविवार
ज्येष्ठ नागरिक संघातर्फे आज माझा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, फोटो. व्हिसाची मुलाखत परवा आहे, पण हॉल आजच फुकट मिळत होता. भाषण चाळीस मिनिटं. कोथरूडमध्ये आता माणसाने राहावं असं काही उरलेलं नाही, हे स्पष्टच सांगितलं. संघाचे अध्यक्ष बाबुराव लेकीकडे तीन महिने राहून आले आणि ‘माझा अमेरिका प्रवास’ यावर चार व्याख्यानं झोडली. मी शुभंकरकडे सहा महिने राहणार. आठ झोडणार.

४ मे
मुंबई. काचेपलीकडच्या बाईंनी दोन मिनिटांत नाही म्हटलं. दोघांनाही. मी इंग्रजी जरा वरच्या दर्जाचं वापरलं, ते झेपलं नसावं. शुभंकर फोनवर म्हणाला, जाऊ दे बाबा, पुढच्या वर्षी बघू. मुलाचा आवाज मोकळा वाटला. धक्का लपवत असणार.
परतीच्या बसमध्ये हिने विचारलं, आता संघात काय सांगायचं. मी डोळे मिटून विचार करत होतो. ही म्हणते घोरत होतो.

९ मे
तोडगा सापडला. भाचा आयुष आयटीत आहे. त्याने वाघोलीला गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन ठेवलाय. रिकामाच पडलाय. सहा महिने तिथे काढायचे, मग चॉकलेटं घेऊन कोथरूडला परत. वाघोली पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कोथरूडचा माणूस मेला तरी तिकडे जात नाही.
ही म्हणाली, अहो, व्हिसा मिळाला नाही म्हणून सांगून मोकळे व्हा की. चार दिवस हसतील, विसरतील. यमुनेचा स्वभाव पहिल्यापासून असा. महत्त्वाकांक्षा म्हणून नाही.

१६ मे
स्थलांतर सुखरूप. विमान पहाटेचं आहे असं सांगितल्यामुळे सोडायला कुणी आलं नाही.
जागा निवांत. समोर तीन अर्धवट इमारती. पाणी टँकरचं. मजला चौथा. लिफ्टसाठी भोक पाडून ठेवलंय, लिफ्ट यायची आहे. हिचे गुडघे दुखतात. आपोआप व्यायाम होईल. संकल्प: रोज पाच किलोमीटर चालणे. व्याख्यानाची टिपणं. हिला इंग्रजी शिकवणे.
संध्याकाळी सातला बाबुरावांना फोन. पीसीओवरून, कारण आयुषने दिलेल्या मोबाइलचा नंबर उमटतो. आमच्याकडे आत्ता सकाळचे साडेनऊ, असं सहज सांगून टाकलं. तेवढ्यात मागून भंगारवाला ओरडला. म्हटलं, इथे आपल्या लोकांची वस्ती फार. बाबुराव म्हणाले, हो, ऐकू येतेय.

३ जून
चालणे: शून्य. खडी टोचते. टिपणं: मुखपृष्ठ तयार.
ही दिवसभर खिडकीशी. म्हणाली, बोलायला माणूस नाही हो. तिकडेही नसतो, हे बाबुरावांनीच व्याख्यानात सांगितलं होतं. म्हणजे अनुभव अगदी अस्सल मिळतोय. तिला तसं समजावलं. ती उठून आत गेली. पटलं असावं.

२१ जून
हिची धाकटी बहीण विमलाबाई दवाखान्यात. किडनी. त्यांच्या मुलीने, जयाने, कोथरूडहून अमेरिकेत शुभंकरला कळवलं आणि शुभंकरने अमेरिकेहून वाघोलीत आम्हाला. ही लगेच चपला घालून दारात उभी. मी शांतपणे म्हटलं, न्यू जर्सीहून माणूस दोन तासांत पोचतो का? किमान दोन दिवस तरी लागतील. ती म्हणाली, ठीक आहे, परवा जाते.
मग हिशेब केला. आत्ता परतलो तर मुक्काम जेमतेम पाच आठवडे भरतो. बाबुरावांपेक्षा कमी. शुभंकरला सांगितलं, जयाला कळव, तिकिटं मिळत नाहीत.
ही जेवली नाही. हवाही कुंद आहे.

२४ जून
विमलाबाई सकाळी गेल्या. ही मोठ्याने रडत होती, म्हणून खिडक्या लावून घेतल्या.
संध्याकाळी बाबुरावांना फोन. विमानात जागा नाही, जीव तुटतोय, असं म्हणालो. खरंच तुटत होता. ते म्हणाले, जया सांगत होती, बाई शेवटपर्यंत यमूताई कुठे आहे, यमूताई आली का, एवढंच विचारत होत्या. हे हिला सांगितलं नाही. उगाच त्रास करून घेईल. मी फार हळवा आहे.

२६ जून
हिने पिशवी भरली. कोथरूडच्या घराची किल्ली घेतली. मी दारात आडवा उभा राहिलो, ती बाजूने गेली. चार मजले न थांबता उतरली. गुडघे सुधारलेले दिसतात.
जिन्यातून विचारलं, लोकांना काय सांगणार? खालून म्हणाली, काळजी करू नका, तुमची अब्रू मी सांभाळते. शेवटी बायको माझी आहे. समाधान वाटलं.

२ जुलै
भात लावला. पातेलं टाकून दिलं. ही दिवसकार्य उरकून येईलच. तोवर बिस्किटं.

७ जुलै
बाबुरावांना फोन. त्यांनी अभिनंदन केलं. कसलं, ते कळेना. म्हणाले, काल तेराव्याला वहिनींनी सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला अमेरिका इतकी मानवली की आता कायमचे तिकडेच राहणार. त्या एकट्याच परतल्या. नियमाप्रमाणे संघातून तुमचं नाव कमी केलंय, तुमच्या जागी वहिनींना घेतलंय. बोलतात छान हो, इतकी वर्षं कधी ऐकलंच नव्हतं.
मी म्हटलं, काहीतरी गैरसमज आहे. ते म्हणाले, रंगराव, तिथे सकाळ असेल, कामं असतील तुम्हाला.

८ जुलै
आज स्वतःच्या घरी फोन लावला. हिनेच उचलला. म्हटलं, झालं एवढं पुरे, उद्या येतो. तिने विचारलं, कोण बोलतंय. नाव सांगितलं. म्हणाली, ते अमेरिकेत असतात.
मग म्हणाली, विमल मला हाका मारत होती. तुम्हाला माहीत होतं. आणि फोन ठेवला.
पुन्हा लावला. चार वेळा लावला. वाजत राहिला. पीसीओवाली बाई म्हणाली, आजोबा, घरात कोनी नसंल.
मी म्हटलं, आहे. घरीच आहे ती.