कोकण दौऱ्याची जय्यत तयारी

१८ मार्च, सकाळी ८.४०
पुणे–महाबळेश्वर–कोकण दौरा नक्की. नियोजन संपूर्ण माझं. शामलाने अजून समुद्र पाहिलेला नाही. लग्नात कबूल केलं होतं, त्याला सव्वीस वर्षं झाली. उशीर माझ्यामुळे नाही, हिंगण्याच्या कारखान्यातल्या शिफ्टमुळे.
आठला पुण्याच्या रेल्वेचं १७ मेचं बुकिंग उघडलं. चहा घेऊन बसेपर्यंत वेटिंग. दोघांची तिकिटं मुद्दाम वेगवेगळी काढली. एकाच तिकिटावर असलो की दोघंही लटकतो. हे कोणाला सुचत नाही. आधी तिचं काढलं, वेटिंग १८. मग पासवर्ड विसरलो. माझं ५७.

२ एप्रिल
मुलीचा, सोनिकाचा, पुण्याहून फोन. बाबा, सरळ ट्रॅव्हल्सने या म्हणाली. वेटिंग उतरतंच, तिला अनुभव नाही. उद्यापासून पहाटे पाचला चालणे. महाबळेश्वर म्हणजे चढ.

३ एप्रिल
साडेसातला उठलो. ऊन फार.

२० एप्रिल
जरीपटक्याच्या बाजारातून समुद्रासाठी बर्म्युडा आणला. नारळाची झाडं छापलेला. शामला म्हणाली, आधी तिकीट तं पक्कं होऊ द्या. नकारात्मक विचार. तिचं ४, माझं ४१. प्रगती आहे.

९ मे
महाबळेश्वर रद्द. गुडघा. डोंगर इथे जवळ रामटेकलाही आहे.

१६ मे
शामलाचं कन्फर्म! पद्धत सिद्ध झाली. माझं १९. शिफ्टमधला शालिकराम म्हणाला, तत्काळ काढून टाक ना गा, काहून लटकून राहिला? तत्काळ हा अविश्वासू लोकांचा मार्ग.

१७ मे, रात्री
चार्ट लागला. माझं ३. तीनच! म्हणजे जवळजवळ गेलोच होतो.
स्टेशनवर शामलाने बॅग उचलली, परत ठेवली. मी नाई जात, तुम्ही एकटे काय खासान, म्हणाली. मीच चढवलं. परवा ट्रॅव्हल्सने येतोच म्हणालो. गाडी गेल्यावर फार एकटं वाटलं. तिचा जेवणाचा डबा माझ्याच हातात राहिला.

१९ मे
ट्रॅव्हल्स रद्द. तिकीट हुकल्याचं शालिकरामला सहज सांगितलं, तर त्याने लगेच माझ्या जागी सुट्टी टाकली. त्याच्या साळ्याचं लग्न. साहेबांशी कडक बोलायला गेलो. साहेब म्हणाले, बरं झालं तुम्ही आहात. मग कसं बोलणार?

२२ मे, संध्याकाळी
कूलरमध्ये पाणी भरत होतो, तर शामलाचा व्हिडिओ कॉल. सोनिकाने तिला गणपतीपुळ्याला नेलं. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. अहो, हा समुद्र तं पाय ओढून राहिला, म्हणाली आणि पोरीसारखी हसत सुटली. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिथे मी नाही याचं फार वाईट वाटलं.
तुम्हाले दिसून राहिला काय, विचारलं तिने. दिसतो म्हणालो. बघता बघता टाकी भरून वाहू लागली. कसला आवाज येऊन राहिला, म्हणाली. मोबाइल खाली धरला. फरशीभर पाणी आणि त्यात मी, बर्म्युड्यात.
तिने बर्म्युड्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, पुढच्या वर्षी तिकीट मी काढीन. दोघांचं एकच.
बरं म्हणालो. फरशी पुसून घेतली.