मान एकटी धरायची नाही

२ मार्च, सोमवार

कुस्तीची बिगिनर्स बॅच आजपासून माझ्याकडे. जुन्या सरांचा गुडघा गेला आणि सेक्रेटरींना दुसरं कोणी मिळालं नाही, असं काही लोक म्हणतील. म्हणू देत. मी कॉलेजात कुस्ती खेळलोय. एकच खेळलो, पण अर्ध्यावर सोडली नाही. खाली होतो तरी सोडली नाही.

सेक्रेटरी म्हणाले, महिनाभर सांभाळा. २९ तारखेला नवख्या मुलांची मीट आहे. गेल्या वर्षी आपली निम्मी पोरं बेकायदा डाव टाकून बाद झाली. एकाने तर चावा घेतला. यंदा एकही पोर बाद झालं नाही, तर बॅच कायमची तुमची.

नियम हा माझा प्रांत. विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. काय कुठल्या कलमात बसत नाही हे मला झोपेतही सांगता येतं.

मुलगी याच बॅचमध्ये आहे. बायको सध्या मेव्हणीकडे राहते, मुलगीही तिकडेच. थोडी विश्रांती हवी म्हणाली होती. दिवाळखोर माणसासारखी रातोरात घर सोडून गेली वगैरे काही नाही, नीट बॅगा भरून गेली. तीन महिने झाले. घ्यावी माणसाने विश्रांती. मात्र मुलगी दिसते ती फक्त या हॉलमध्ये. बॅच माझी झाली की आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ती हक्काने माझ्यासमोर. कोणाला विचारायला नको. पुढचं आपोआप मार्गी लागेल.

४ मार्च, बुधवार

पहिला क्लास. फळा मागवून घेतला.

केस, कान, डोळे यांना हात लावायचा नाही. एकटं बोट धरून ओढायचं नाही, धरायची तर चारही एकत्र. समोरच्याचा हात पाठीमागे काटकोनाच्या वर न्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे मान एकटी धरायची नाही. मानेबरोबर त्याचा एक हातही पकडीत हवा. हात आत असला की तीच पकड वैध. चित्र काढून दाखवलं. मान बरी जमली, हात झाडाच्या फांदीसारखा आला.

एका चष्मेवाल्या मुलाने विचारलं, हात पूर्ण आत हवा की कोपरापर्यंत चालेल. आणि समोरच्याने आपणहून हात काढून घेतला तर चूक कोणाची. त्याचं नाव मी वकील ठेवलं. उत्तर पुढच्या तासाला देतो म्हणालो.

एवढ्यात सात वाजले. कुस्ती राहिली. पण पाया पक्का झाला.

मुलीला सांगितलं, इथे मी बाबा नाही, सर. ठीक आहे सर, म्हणाली. घरी आल्यावर फोन केला तेव्हाही सर म्हणाली. शिस्त मुरायला लागली आहे.

६ मार्च, शुक्रवार, पहाटे ५:००

(हे काल संध्याकाळीच लिहून ठेवतोय.) उठलो. धावलो. एकदम ताजंतवानं वाटतंय.

सकाळी ८:१०

वरचं उद्यापासून लागू.

९ मार्च, सोमवार

आजचा धडा उचलण्याचा. समोरच्याला उचललं की सुखरूप खाली ठेवणं ही उचलणाऱ्याची जबाबदारी. आपटायचं नाही, सोडून द्यायचं नाही.

स्वतः करून दाखवायचं ठरवलं. हलकं पोर घेता आलं असतं, पण सगळ्यांत आधी बॅचमधला सगळ्यांत जाड पोरगा पुढे आला, त्याचं नाव मी भोपळा ठेवलंय, आणि त्याला नाही म्हणवेना. उचलला. उचलेपर्यंत उत्तम. मग कमरेत काहीतरी कट्‌ झालं आणि मी होतो तसाच राहिलो. वाकता येईना. सोडून द्यावं तर नियम आत्ताच सांगितलेला. भोपळ्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्या मांडीवर पाय ठेवून जिना उतरावा तसा खाली उतरला. थँक्यू सर, म्हणाला. चांगल्या घरचा आहे.

पोर सुखरूप मॅटवर पोचलं. डेमो यशस्वी.

मुलीने पाणी आणून दिलं आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली. दुखतंय का, असं विचारेल वाटलं होतं. नाही विचारलं. मला त्याचं काही वाटलं नाही. हल्ली मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. पैलवानाचं मन असंच लागतं. पहाटे उठण्याचा परिणाम असावा.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळच्या बॅचला एक बाई शिकवतात. स्वतः खेळलेल्या आहेत, पण शिकवण्यात गांभीर्य नाही. पोरांना अस्वलासारखं रांगायला लावतात. पाठीला फडकं खोचून एकमेकांचं शेपूट ओढायला लावतात. पोरं खिदळतात. फळा नाही, काही नाही.

आज दोन्ही बॅचेसची एकत्र प्रॅक्टिस झाली. आमच्या पोरांचं हस्तांदोलन बघण्यासारखं होतं. त्यानंतर सगळी चितपट. एकाने पकड घेण्याआधी माझ्याकडे वळून विचारलं, सर, चालेल का. मी विचार करेपर्यंत तो पाठीवर होता. पण नियमभंग एकही नाही. मीटची अट तीच आहे.

बाई म्हणाल्या, काय करायचं नाही ते पाठ झालंय त्यांचं, आता जरा काय करायचं तेही सांगा. मी हसून सोडून दिलं.

क्लास संपल्यावर मुलगी त्यांच्याकडे गेली. मानेच्या पकडीतून कसं सुटायचं, विचारत होती. बाई तिच्याबरोबर मॅटवर आडव्या झाल्या. टाच रोव, कंबर वर, खांदा फिरव. चार-पाच वेळा केलं असेल. हा विषय मी एप्रिलमध्ये घेणार होतो. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१५ मार्च, रविवार

दिवसभर घरी. काय केलं आठवत नाही. ब्रेड खाल्ला.

बायकोला फोन केला. मीटला येणार का. म्हणाली, लेकीसाठी येईन. मी म्हणालो, मीही असेन. म्हणाली, माहीत आहे. मग म्हणाली, मीट झाली की एकदा बसून बोलू, हे असं लोंबकळत राहणं मला नको आहे.

बरोबर आहे तिचं. तोवर मी कायमचा कोच झालेला असेन. बोलणं सोपं जाईल.

१८ मार्च, बुधवार

ऑफिसात एक गृहस्थ टेबलासमोर रडले. दुकान जळलं होतं. क्लेम बसत नव्हता, शटरचं कुलूप कलमात सांगितलेल्या प्रकारचं नव्हतं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो रिकामा होता हे ते गेल्यावर लक्षात आलं. ते तसाच हातात धरून बसले होते.

साहेब म्हणाले, तुमचं बरं आहे, तुम्ही मनाला लावून घेत नाही.

संध्याकाळच्या क्लासमध्ये हाताचे कोन. वकिलाने कंपासपेटीतला कोनमापक आणला होता.

२३ मार्च, सोमवार

कंबर धरली आहे. खुर्चीतून शिकवलं. फळ्यापर्यंत जाववेना, म्हणून म्हटलं, आज खेळा. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तुटून पडली. हॉलभर गोंधळ. कोण कोणावर आहे कळेना. भोपळा मुलीच्या अंगावर पडला, ती खालून वळवळत बाहेर आली आणि त्याच्या पाठीवर बसली. हसत होती. तिला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. छान वाटायला हवं होतं. नोंद करून ठेवतो.

उत्तम कोच कधी बाजूला व्हायचं ते ओळखतो. हे मी आजवर कुठे लिहिलं कसं नाही.

२८ मार्च, शनिवार

उद्यासाठी ठरवलं:

कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसायचं. आवाज चढवायचा नाही. पोर जिंको, हरो, चेहऱ्यावरची रेघ हलता कामा नये. बायको वरून बघत असेल. हा माणूस किती स्थिर झालाय, हे तिला न सांगता कळलं पाहिजे.

ट्रॅकसूटला इस्त्री केली. चेन पोटाशी अडते. उघडाच ठेवणार, कोच लोक तसाच घालतात.

२९ मार्च, रविवार, सकाळी ११:३०

मधल्या सुट्टीत लिहितोय. भोपळा हरला, नियमात. वकील गुणांवर हरला, पण रेफरीशी वाद घालून एक गुण परत मिळवला. मी चेहरा हलवला नाही. नियमभंग अजून शून्य. मुलीची कुस्ती राहिली, सगळ्यांत शेवटी आहे.

बायको तिसऱ्या रांगेत, शेजारी मेव्हणी. हात केला. मीही केला. तिने मुलीला केला होता.

बॅच माझी झाल्यातच जमा आहे.

संध्याकाळ

रोज लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

आमच्या मुलीची कुस्ती लागली. समोरची मुलगी तिच्याच वजनाची. सुरुवात बरी झाली. मग त्या मुलीने मान धरली आणि खाली घेतलं. माझ्या खुर्चीतून नुसती मान दिसत होती आणि वर आमचीचा चेहरा. लालभडक. डोळे मिटलेले. हात कुठे दिसत नव्हता. मान एकटी. मी रेफरीकडे पाहिलं. शिट्टी नाही. परत पाहिलं. नाही.

मग मी मॅटवर होतो. मधलं आठवत नाही. खुर्ची आडवी पडलेली नंतर दिसली. मी गुडघ्यांवर बसून त्या पोरीचं एक बोट धरून मागे ओढत होतो आणि सोड तिला, सोड तिला, म्हणत होतो. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं, म्हणे.

शिट्टी तेव्हा वाजली. माझ्यासाठी.

हात आत होता. पलीकडच्या बाजूने, दंडासकट धरलेला. मी फळ्यावर काढला त्यापेक्षा कितीतरी नीट. कोच मॅटवर आला की कुस्ती समोरच्याची. नियम आहे. मला माहीत आहे.

त्या पोरीच्या बोटाला बर्फ लावला. मोडलेलं नाही. तिचे वडील खाली आले. मी सॉरी म्हणालो तेव्हा ते मुलीच्या बोटाकडे बघत होते. वकील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, सर, बोटं चारही धरायची असतात.

बाई म्हणाल्या, टाच रोवली होती तिने, कंबर वर आली होती, अर्धी फिरली होती. अजून एक झटका, की वर होती. मला हे काहीच दिसलं नाही. मला फक्त चेहरा दिसला.

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी सुटत होते, म्हणाली. मी विचारलं, मग डोळे का मिटले होतेस. म्हणाली, जोर लावताना मिटतात.

बायकोने खाली येऊन तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. मला विचारलं, तिने तुला हाक मारली होती का. मी म्हणालो, नाही. दोघी गेल्या.

३० मार्च, सोमवार

सेक्रेटरींचा फोन. बॅच बाईंकडे. मी त्यांच्या लक्षात आणून दिलं की अट पोरांपुरती होती, आणि आपलं एकही पोर बाद झालेलं नाही. शब्दशः पाहिलं तर अट पूर्ण झाली आहे. ते म्हणाले, तुम्ही जरा आराम करा.

ऑफिसनंतर बायको भेटली. बोलणं झालं. मेव्हणीच्या बिल्डिंगमध्येच दोन खोल्या बघितल्यात तिने. पहिल्या तारखेपासून तिथे. मी विचारलं, किती दिवस. म्हणाली, दिवस नाही रे, कायमचं. तिने हे चिडून सांगितलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

क्लासला इथून पुढे तीच सोडणार आणि नेणार. मुलीला भेटायचं कधी, ते मुलगी ठरवेल.

काही वाटलं नाही. बस चुकली, चालत आलो.

३ एप्रिल, शुक्रवार

साडेपाचला पाय हॉलकडेच वळले. दार उघडं होतं. आत पोरं फडकी खोचून एकमेकांची शेपटं ओढत होती. फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. दारातच थांबलो.

मग जोड्या लागल्या. मुलगी भोपळ्याखाली सापडली. बराच वेळ सापडली. चेहरा लाल, डोळे मिटलेले. मी चौकट धरून ठेवली. बाई शेजारी उभ्या होत्या, काही करत नव्हत्या. मग कंबर वर आली, खांदा फिरला, आणि ती बाहेर. अंगावरची धूळ झटकावी तशी उठली आणि केस बांधायला लागली. मला खूप आनंद झाला. ती दाराकडे बघेल म्हणून थांबलो. तिने बघितलं नाही. तिला दुसरी जोडी मिळाली होती.

बाई दाराशी आल्या. अवघडून म्हणाल्या, सर, पालकांना क्लास चालू असताना इथे थांबता येत नाही, सगळ्यांनाच सांगते. मी म्हणालो, बरोबर आहे.

बाहेर पायरीवर बसलो. आणि रडायला आलं. आधी वाटलं, कमरेमुळे. पण ते कमरेचं नव्हतं. बायको येणार नाही. मुलीला माझी मदत नको आहे, आणि मला तीच एक करता येते. हे सगळं तिथे पायरीवर एकदम कळलं. येणारे-जाणारे बाजूने जात होते. थांबवता येईना, म्हणून थांबवलं नाही.

सात वाजता तोंड पुसलं, शर्ट नीट केला, हसरा चेहरा करून दाराकडे तोंड करून उभा राहिलो. पोरं एकेक करून बाहेर पडली. भोपळ्याने गुड इव्हनिंग केलं. मग दिवे बंद झाले आणि वॉचमन कुलूप घेऊन आला. मी विचारलं, अजून एक मुलगी आहे ना आत. तो म्हणाला, कोणी नाही. ज्यांना न्यायला घरचं कोणी येतं ती पोरं मागच्या दाराने जातात.