धुऱ्यावरची बोर

मंगळवार, फाल्गुन. दिवेलागणीची वेळ.

आज राळेगावात हक्कसोड झाली. धाकटी बहीण सुनंदा महागावहून दोन एसट्या बदलून आली अन् बाबाच्या वावरातला आपला अर्धा हिस्सा माझ्या नावानं सोडून गेली. रिवाजाप्रमाणं मी साडी दिली. तिनं घडीही न उलगडता पिशवीत टाकली.

"मले दुसरं काही नको, दादा," म्हणे. "धुऱ्यावरच्या बोरीचे बोरं तेवढे दरसाल पाठवत जाय."

मी हो म्हटलं. कसं म्हटलं? बांधावरची ती बोर तर मागच्या उन्हाळ्यात मीच तोडली. ट्रॅक्टर वळत नव्हता म्हणून. की जरा मागं घेतला असता तर वळला असता? औंदा तिले बाजारातले बोरं घेऊन पाठवले. आज सांगायला पाहिजे होतं. पण सही होऊन जाऊ दे, असं वाटलं. काहून वाटलं?

एसटी सुटताना ती खिडकीतून बोलली, "औंदाचे बोरं आपल्या बोरीचे नव्हते. खाल्ल्याबरोबर समजलं मले."

म्हणजे सही करताना तिले सगळं माहीत होतं.

अन् मी बोर तोडली, तेव्हा ते वावर अर्धं तिचं होतं.