अब्बांचा कोरा रिपोर्ट

दाभोळ
१० नोव्हेंबर २०२४

चि. कौसर हिस,
अब्बा आणि अम्मीकडून सलाम व अनेक दुवा. वि. वि. इकडे सर्व खैरियत आहे, तुझी खुशाली कळव.

माझा फोन बिघडला आहे, म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. जहाजावर सुकाणी होतो तेव्हा प्रत्येक बंदरातून तुझ्या अम्मीला पत्र टाकायचो, त्यामुळे हाताला सवय आहे. गुरुजींनी शाळेत शिकवलेलं 'वि. वि.' अजून सुटत नाही. तू हसशील, खुशाल हस.

तुझ्या रक्ततपासणीच्या सेंटरची बातमी जेटीवर सगळ्यांना सांगून झाली. रघू म्हणाला, आता आपली साखर तपासायला तो थेट रत्नागिरी गाठणार. आपल्या घरातले आजवर सगळे दर्यावर गेले. स्वतःच्या नावाची पाटी लावणारी तू पहिली. हे मी एकेकाला थांबवून सांगतो, म्हणून तुझी अम्मी मला हसते.

सेंटरच्या कर्जाला बँक जामीन मागते आहे असं तू म्हणाली होतीस. जामीन मी राहणार, त्यात दुसरा विचार नको. ज्याने उभ्या जन्मात कुणाकडून उसना पैसा घेतला नाही, त्याच्याहून चांगला जामीन बँकेला कुठे भेटणार? कागदपत्रांचं माझं मी बघतो आहे, जरा वेळ लागेल. तू त्यात पडू नकोस.

जेवणाची हयगय करू नकोस. आमची आठवण ठेव, म्हणजे झालं.
तुझा,
अब्बा

(याच पाकिटात वेगळी चिठ्ठी)

कौसर बाय, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून हे दोन शब्द आत घालते. फोन काही बिघडलेला नाही. सिमकार्ड काढून तांदळाच्या डब्यात टाकलंय. सकाळपासून फोन वाजायचा, कर्ज घ्या, कर्ज घ्या. एक पोरगी रोज 'काका, काका' करून बोलायची आणि तिचा फोन ठेवला की हे अंगणात येरझाऱ्या घालायचे. पेन्शनच्या खात्यातून कसले तरी पैसे कापले जातात, तेही मला पासबुकावरून समजलं. विचारलं तर म्हणतात, तुला काय कळतंय. मला वाटतं, तुझ्या कर्जाचंच काहीतरी आहे. ह्यांचं जेवण निम्मं झालंय. तूच बघ.
अम्मी

रत्नागिरी, मिरकरवाडा
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय अब्बांना,
कौसरचा सलाम. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच ताठ आहे. हॉस्पिटलात माझ्यासोबत काम करणाऱ्या नम्रताला दाखवलं, ती म्हणाली असं पत्र तिला कुणी लिहिलेलंच नाही. मी फार मिरवून घेतलं.

आता अम्मीवर रागावू नका. तिने मला कळवलं आहे आणि बरं केलं. तुम्ही 'मोफत क्रेडिट रिपोर्ट'ची जाहिरात बघून कार्डाचा नंबर दिलात ना? मी ओळखलं, कारण गेल्या वर्षी नम्रताचं अगदी हेच झालं होतं. ती शिकलेली, रोज कॉम्प्युटरवर काम करणारी. तिच्याही चार महिने लक्षात आलं नाही. रिपोर्ट फुकट असतो, पण त्याच्या मागे बारीक अक्षरात वर्गणी जोडलेली असते. थोडे दिवस गेले की ती आपोआप कापायला लागते. आणि आपला नंबर कर्ज विकणाऱ्यांकडे जातो तो वेगळाच.

खरा रिपोर्ट मिळवायला यातलं काही लागत नाही. कुणी कर्ज घेतलं आणि कसं फेडलं, अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. त्यांच्या स्वतःच्या साइटवर मागायचा आणि कार्डाचा नंबर कुठेही द्यायचा नाही.

अब्बा, एक मात्र सांगा. ती मुलगी तुम्हाला नेमकं काय म्हणाली? तुम्ही दोन-पाच रुपयांसाठी जेवण सोडणारे नाही.

सोमवारी आपल्या बँकेत जा आणि आपोआप होणारी कपात बंद करायचा अर्ज द्या. कार्डही बदलून घ्या. मी येऊ का? म्हणाल तर रजा टाकते.

अम्मीला सलाम. माझ्यावर माया आहे तशीच असू द्या.
तुमची,
कौसर

दाभोळ
२८ नोव्हेंबर २०२४

चि. कौसर हिस,
सलाम व दुवा. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा गेला. रजा टाकू नकोस, माझं मी निस्तरलं. सगळं सांगतो.

बँक जामीनदाराचाही रिपोर्ट बघते असं समजलं होतं. म्हटलं, तो आधीच काढून साहेबापुढे ठेवावा. फोनवर जाहिरात होती, मोफत, दोन मिनिटांत. ओळख पटवण्यापुरता एक रुपया म्हणून कार्डाचा नंबर मागितला, तो दिला. खाली चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती. तिच्यात काय लिहिलं होतं ते वाचायला माझा चष्मा पुरला नाही, आणि खरं तर मी वाचायला थांबलोही नाही.

मग रिपोर्ट आला. स्कोअरच्या जागी लाल अक्षरात 'उपलब्ध नाही'. दुसऱ्याच दिवशी त्या मुलीचा फोन. आवाज गोड, बोलणं अदबीचं. मीच पहिल्या दिवशी तिला तुझ्या सेंटरचं कौतुकाने सांगून बसलो. ते तिने धरून ठेवलं. म्हणाली, "काका, तुमचा स्कोअर शून्य आहे. तुमच्यामुळे मुलीचं कर्ज अडकेल." 

कौसर, मी समुद्रात वादळं पाहिली आहेत. पण या एका वाक्याला मी भ्यालो. तुझ्या वाटेत तुझा बाप आडवा येणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. ती म्हणेल ते मी करत गेलो. स्कोअर सुधारायची योजना घेतली. तिचे पैसे वेगळे, ते भरले. मग ती म्हणाली, आता आमच्याच ॲपवरून एक छोटं कर्ज घ्या आणि फेडा, म्हणजे आकडा तयार होईल. सगळी माहिती भरून झाली होती, फक्त बटण दाबायचं बाकी होतं. अंगठा तिथवर नेला आणि नाही दाबला. माझ्या बापाने मरताना मला एवढंच सांगितलं होतं, की मी कुणाचं देणं मागे ठेवत नाही, तूही ठेवू नकोस. मी फोन उघडला, सिमकार्ड काढलं आणि डब्यात टाकलं. तुला कसं सांगावं ते कळेना, म्हणून फोन बिघडला म्हटलं.

सोमवारी पहिल्या गाडीने बँकेत गेलो. मॅनेजर बाई तुझ्याच वयाच्या आहेत. त्यांनी कपात बंद केली, कार्ड रद्द केलं आणि कंपनीकडे तक्रार लिहायला लावली. शेवटची वर्गणी परत आली. योजनेचे पैसे मात्र गेले ते गेलेच. मग त्यांनी माझ्यासमोर खरा रिपोर्ट मागवला. तोही कोराच. मी विचारलं, याचा अर्थ मी खराब माणूस आहे का? त्या म्हणाल्या, "चाचा, तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही, तर लिहिणार काय? हा शून्य नाही. ही नोंदच नाही." तुझं कर्ज माझ्यामुळे अडणार नाही, असंही दोनदा सांगितलं. मी दोनदा विचारलं होतं.

घरी येऊन पोटभर जेवलो. पण एक सल आहे, तो तुझ्यापासून लपवत नाही. माझं वय आणि हा कोरा कागद, दोन्ही मिळून मला जामीन राहता येणार नाही म्हणाल्या. तुझ्या मागे उभं राहायचं होतं. तेवढं एक राहून गेलं.

अम्मी बांगडा सुकवून ठेवते आहे, कुणी येणारं असलं की पाठवतो. तुझ्या बापाला कमी समजू नकोस, एवढीच मागणी.
अब्बा

रत्नागिरी
२० डिसेंबर २०२४

प्रिय अब्बांना,
सलाम. वि. वि. कर्ज मंजूर झालं. हे पहिल्या ओळीत लिहायचं ठरवून बसले होते, तरी तुमचं 'वि. वि.' मध्ये आलंच.

जामीन लागला नाही. माझ्या शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज मी नोकरीतून फेडलं होतं. त्याची सगळी नोंद माझ्या रिपोर्टमध्ये निघाली, एकही हप्ता मागे पडलेला नाही. साहेबांनी वर मान करून विचारलं, की कोविडच्या वर्षातसुद्धा तुम्ही एकदाही थांबला नाहीत, हे कसं काय? हप्ते थांबवायची सवलत तर रिझर्व्ह बँकेनेच दिली होती.

मी त्यांना सांगितलं, की आमच्या अब्बांना जहाजाची कंपनी कधी कधी पगार उशिरा द्यायची. तरी दाभोळच्या वाण्याचं देणं ठरल्या दिवशी जायचं आणि त्या महिन्यात अब्बा विडी सोडायचे. मला वेगळं काही येतच नाही.

साहेबांनी सही केली आणि उठून माझ्याशी हात मिळवला.

मागे उभं राहायचं राहून गेलं, असं तुम्ही लिहिलंत. ते पत्र माझ्या पर्समध्ये होतं तेव्हा. तुमच्या अंगठ्याने बटण दाबलं नाही, याचा मला माझ्या कर्जापेक्षा जास्त अभिमान आहे. हॉस्पिटलात मी सगळ्यांना सांगितलं. नाव घेऊन सांगितलं, राग मानू नका.

उद्घाटन जानेवारीत. फीत अम्मी कापणार. तुम्ही दोघांनी आदल्या दिवशी यायचं. वाट बघते, उशीर करू नका.
कौसर

दाभोळ
१४ फेब्रुवारी २०२५

चि. कौसर हिस,
सलाम व खूप दुवा. वि. वि. काल घरी सुखरूप पोहोचलो. उद्घाटनाला मला ताप आला आणि अम्मीला एकटीला पाठवावं लागलं. ते मनाला लागलं होतं, म्हणून न कळवता रत्नागिरीला निघालो, हे तुला माहीत आहे. पण सगळं माहीत नाही.

मी आलो तेव्हा लगेच आत शिरलो नाही. समोरच्या चहावाल्याकडे बसलो. तिथून तुझी पाटी दिसते आणि दार उघडं असलं की तूही. एक म्हातारी कोळीण घाबरून हात मागे घेत होती. तू तिच्याशी काहीतरी बोललीस, ती हसली, आणि हसता हसता तुझं काम होऊन गेलं. चहावाला मला म्हणाला, की बाई हाताची फार हलकी आहे, दुखत नाही. मी त्याला म्हटलं, असं का? आणि दुसरा चहा घेतला. ती माझी मुलगी आहे हे मी त्याला सांगितलं नाही. जेटीवर एकेकाला थांबवून सांगणारा मी. पण तिथे वाटलं, परक्या माणसाच्या तोंडून जरा ऐकून घ्यावं.

मग आत येऊन रांगेत बसलो. माझी पाळी आली तेव्हा तू खाली बघून बाटलीवर चिठ्ठी लावत होतीस. मान वर न करता नाव विचारलंस. मी पटकन बोललो नाही, तुला वाटलं असेल ऐकू आलं नाही. तसं नव्हतं. रत्नागिरीत इतकी माणसं बसलेली असताना, मोठ्याने, नीट उच्चार करून सांगायचं होतं, म्हणून घसा साफ करत होतो.

"लिही," मी म्हटलं, "कौसर परकारचा बाप."

रक्ताचा रिपोर्ट पाठव. त्याचे पैसे मी देणार, फुकट नको. आमच्यावर जीव आहे तसाच ठेव.
तुझा,
अब्बा