हायवेवरचा आशीर्वाद

सर, लाखनीला हायवेच्या कडेला तुम्ही आता सिमेंटचे उभे आहात, दोन माणसांएवढे उंच. भोवती तुमच्या कादंबरीतली माणसं: तलाव खोदणारा म्हातारा, तुमसरच्या राईस मिलमधली पाखडणारी बाई, चिखल्याच्या खाणीतला मजूर. आणि मी. पुस्तकात तुम्ही मला दुसरं नाव दिलंत, पण पेनाचा प्रसंग जसाच्या तसा ठेवलात, म्हणून अख्ख्या तालुक्यानं मला ओळखलं. बदललात तो फक्त शेवट.

बी.ए.चं शेवटचं वर्ष. निबंधाचं पहिलं बक्षीस म्हणून तुम्ही भर वर्गात मला शाईचं पेन देता. मी टोपण काढून निब बघते आहे, तेवढ्यात तुम्ही हसून म्हणता, "जपून ठेव. लग्नात रुखवतावर मांडायला कामी येईल." वर्ग खदखदून हसतो. मी उघडं पेन तुमच्या टेबलावर ठेवते, "तुम्हीच मांडा," म्हणते आणि बाहेर पडते. एवढंच झालं. पुस्तकातली मुलगी मात्र संध्याकाळी रडत गुरुजींच्या घरी येते, पाया पडते, आणि गुरुजी तिच्या डोक्यावर हात ठेवतात. तुमच्या घराची पायरी मी कधीच चढले नाही. पण छापलेलं तेच खरं ठरलं. माझे सासरे ते प्रकरण पाहुण्यांना वाचून दाखवायचे. "मोठी तोऱ्याची होती, पण वाकली ना शेवटी!" मी मुख्याध्यापिका झाले तरी स्टाफरूममध्ये कुणीतरी हळूच पेनाचा विषय काढायचं. तुमच्या सत्काराला मी तुम्हाला तोंडावर विचारलं, तर म्हणालात, "अगं, ते साहित्य आहे." मग तुम्ही वारलात आणि माझं उत्तर माझ्याजवळच राहिलं.

म्हणून शिल्पाच्या समितीनं तुमची जुनी विद्यार्थिनी म्हणून बोलावलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शिल्पकाराच्या शेडमध्ये तुमचा हात पुढे आलेला, आणि त्याखाली मातीची एक मुलगी, वाकलेली.

"हिले उभी करा," मी म्हणाले. "एक पाऊल बाजूला. मान सरळ. हातात उघडं पेन, सरांपुढे धरलेलं."

त्यानं डोकं खाजवलं. "बाई, सरायचा हात तं झाला. सळाखी टाकून भरला, आता हलत नाई. हे उभी राहिली तं सर आशीर्वाद कोणाले देऊन राहिले?"

"हवेले देऊ दे."

समितीचा अध्यक्ष तुमचा मुलगा. माझ्याच शाळेत शिकलेला. तो चाचरत म्हणाला, "पण बाई, पुस्तकात तं थे पाया पडते ना?"

"पुस्तक तुझ्या बाबानं लिहिलं. वर्गात मी होती. तू होता का?"

"नाही, बाई." अगदी सहावीत म्हणायचा तसंच.

तर आता तुमचा हात रस्त्याकडे पुढे आलेला आहे. खाली कुणाचं डोकं नाही, समोर ट्रक. मी मुद्दाम समोरच्या टपरीवर चहाला थांबते. टपरीवाला दर नव्या ड्रायव्हरला सांगतो, "गुरुजी कवाचे हात दाखवून उभे आहेत, नागपूरले जायचं म्हणते. कोणी गाडीच थांबवून नाही राहिलं!" ड्रायव्हर हसतात. तो वर्ग हसला होता तसेच, पोट धरून. मी दुसरा चहा मागवते. तुम्हाला वाईट वाटत असेल तर माझ्याकडे तुमचंच उत्तर आहे: अहो सर, ते शिल्प आहे.

हे पत्र कुठं पाठवणार? तुमच्या चौथऱ्यावर ठेवलं तर बकरी खाईल. कपाटातच राहील, त्या टोपणाशेजारी. हो, पेन परत दिलं, पण टोपण माझ्या मुठीतच राहिलं होतं. कॉलेजच्या फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं. द्यायचं मनात होतं, सर. पण त्यासाठी तुमच्या पायरीपर्यंत यावं लागलं असतं.