व्याह्यांना फ्रेंचमधून आग्रह

शुक्रवार पेठ, सोलापूर
२ डिसेंबर

आदरणीय अभिमन्यू दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, कमलाकरचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईला सांगा, तिचं लिंबाचं लोणचं संपलं. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. फोनच केला असता, पण तुम्ही मध्येच हसता, म्हणून पत्र.

तक्रार तुमच्या अंकिताबद्दल आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या उत्कर्षाने तीन वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये परस्पर लग्न केलं आणि मी तिच्याशी बोलणं सोडलं. तिचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालतो (तुळस त्यापायी दोनदा कुजली). दाजी, मला पोरीची फार आठवण येते. पण सुरुवात कशी करायची, म्हणून यंदा दिवाळीला तिच्या सासऱ्यांना शुभेच्छापत्र पाठवायचं ठरवलं. व्याह्यांना इंग्रजी येत नाही. अंकिता पुण्यात फ्रेंच शिकवते, म्हणून तिला गळ घातली.

ती म्हणाली, मामा, दोन ओळी पुरतात. व्याह्यांना दोन ओळी? मी पानभर मजकूर दिला आणि एक शब्दही गाळू नकोस म्हणून बजावलं. शेवटी आपण सगळ्यांनाच लिहितो ते लिहिलं, की सहकुटुंब सहपरिवार या, चांगले पंधरा दिवस राहा, घर आपलंच समजा, आला नाहीत तर आम्हाला राग येईल. कचेरीत एकतीस वर्षं मी हेच लिहीत आलो आणि आजवर कोणी आलेलं नाही. कचेरीतलाच मंद्रूपचा शिवप्पा तासाभराच्या अंतरावर राहतो, त्यालाही दरवर्षी लिहितो. तो समजूतदार माणूस आहे, तोही मला हेच लिहितो.

अंकिताने खरोखरच एक शब्द गाळला नाही. परवा व्याह्यांचं उत्तर आलं, ते मी फोटो काढून तिला पाठवलं आणि तिने फोनवर वाचून दाखवलं. आम्हाला राग येऊ नये म्हणून ते येत आहेत. पाच जण, पंधरा दिवस, ऐन संक्रांतीत, म्हणजे सोलापुरात पाय ठेवायला जागा नसते त्या गड्ड्याच्या जत्रेत. घर आपलंच असल्यामुळे कोणी कुठल्या खोलीत झोपायचं हेही त्यांनी ठरवलंय (मी स्वयंपाकघरात). एवढं ऐकून मी फोन ठेवला. गोदावरीपुढे डोकं धरून बसलो, तर ती म्हणाली, "तुमीच बोलावलंय की." बायकोचा आधार असा.

आपला,
कमलाकर

ता. क. : पत्राचं खरं कारण हे की अंकिताकडून व्याह्यांना चार ओळी फ्रेंचमध्ये लिहून घ्या. कमलाकररावांना कांजिण्या झाल्या आहेत, येऊ नये. राग येणार नाही, हेही स्पष्ट लिहावं.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत गोदावरीने पत्र वाचलं आणि अंकिताला फोन लावून व्याह्यांचं उत्तर शेवटपर्यंत ऐकलं. मी माणसं मोजली होती, नावं विचारली नव्हती. पाचवी उत्कर्षा आहे. बाबा गॅलरीत गेले तर मीही मागोमाग गॅलरीत जाईन, असा तिचा निरोप आहे. तेव्हा कांजिण्यांचं कोणाला बोलू नका. अंकिताला फक्त एवढंच विचारा, पंधरा दिवस फार कमी होतात, हे फ्रेंचमध्ये कसं लिहितात. या वेळी मी मनापासून लिहितोय, हेही त्यांना कळेल असं लिही म्हणावं.