वहीतले कोरे दिवस

दिव्यानीचे बाबा,

वही तुम्हीच आणून देल्ली होती. "काय काय गिळते ते लिहून ठेव, डॉक्टरले दाखवतो," म्हणाले होते. माझ्या पोटात आग पडते, अर्धं डोकं फुटते, ते सारं जिभेपायी, असं तुमचं पक्कं होतं. मी लिवलं. ठेचा सोडला, वांगं सोडलं, सुकी मासोळी सोडली. चार महिने रोज बारा वाजता गोळी घेतली. तरी दुखलंच.

मंग तुम्ही मिलच्या कामानं सिरोंच्याले गेले. वीस दिवस झाले. एक दिवस सोडला तर वहीत दुखण्याचा रकाना कोरा आहे, आन् ठेचा मी रोज खाऊन राह्यली. एकच दिवस डोकं दुखलं. त्या दिवशी तुम्ही मधातच घरी आले होते.

डॉक्टरनं सांगतलं होतं, गोळीनंतर अर्ध्या तासानं जेवाचं. तुम्ही मिलमधून तीन वाजता येत होते, आन् तुमचं ताट उचलल्यावर मी चार वाजता जेवत होती. आता साडेबाराले जेवते.

"इचं तोंडच आवरत नाई," म्हणून डॉक्टरपुढं हासले होते तुम्ही. मी मान खाली घातली होती. ते मी इसरली नाई.

हे पत्र पाठवत नाई. वाचून परत हासाल.

रविवारी तुमची बस साडेबाराले येते. दारातून "पाणी आण, ताट वाढ" म्हणून हाक माराल. माझा हात खरकटा असल. घ्या आपल्या हातानं.

रत्नमाला